सुनंदाबाईंची उद्याची फळी

बातमी आली तेव्हा मी भांडत होतो. महाडला आमच्या आळीत सकाळी पाणी सुटलं की शेजाऱ्याचा पाइप आणि माझी बादली यांचं रोजचं वाजतं, त्यातलाच प्रकार. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पार्वतीचा होता. मी जिथून निवृत्त झालो त्या शाळेशेजारच्या अंगणवाडीत ती मदतनीस आहे. "गुरुजी, आपल्या बाई गेल्या वो..." म्हणाली. मी त्याच तारेत खेकसलो, "कुठं गेल्या?" पलीकडून नुसता हुंदका ऐकू आला, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बादली भरून वाहत होती. शेजारी म्हणाला, "गुरुजी, नळ बंद करा." मी केला नाही, त्यानेच केला.

सुनंदाबाई गेल्या त्याला आता महिना होऊन गेला. वरंधच्या रस्त्यावर, मुख्य रस्ता सोडून आत गेलं की एक छोटं गाव आहे. तिथल्या अंगणवाडीच्या त्या सेविका, आणि त्याच अंगणातल्या शाळेचा मी पहिलीचा मास्तर. त्यांच्या हाताखालून सुटलेलं प्रत्येक पोर जूनमध्ये माझ्या वर्गात यायचं. एकोणीस वर्षं आम्ही एका अंगणात काढली. त्यातली निम्मी भांडण्यात गेली, आणि भांडणं बहुतेक मीच काढली. त्यांच्यावर लिहायला मी लायक माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. पण त्यांनी मला एक काम सांगितलं होतं. साधं, दोन वाक्यांचं काम. एका पोरीला एक खरी गोष्ट सांगायची होती. चौदा वर्षं मी ती सांगितली नाही, आणि बाई वाट पाहून निघून गेल्या. ते मनातून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

त्या गावी बदली झाली तेव्हा मी घंटेचा माणूस होतो. आंब्याच्या फांदीला रुळाचा तुकडा टांगलेला होता. त्याच्यावर लोखंडी दांडा मारला की शाळा हलली पाहिजे, असा माझा खाक्या. शाळा हलायची. अंगणवाडी मात्र हलायची नाही. पोरं मातीत हात घालून बसलेली, घंटा कुणाच्या तरी बापाची असल्यासारखी. आणि हीच पोरं पुढच्या वर्षी माझ्या वर्गात येऊन पाटी पुसायला सांगितली की म्हणायची, "गुरुजी, माझं रायलंय." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एक दिवस मी तडक बाईंकडे गेलो आणि म्हटलं, "बाई, तुमच्या पोरांना घंटा ऐकू येत नाही का?" बाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कान बरे हायत वो त्यांचे. काम आटपत नाय." चार वर्षांच्या पोराला कसलं आलंय काम, असं मी म्हणालो. त्यावर त्या नुसत्या हसल्या. त्यांचं ते हसणं मला फार दिवस सोसलं नाही.

माझी खोड मोडली ती पुढच्याच पावसाळ्यात. बाईंना तालुक्याला बैठकीला जायचं होतं आणि पार्वती तापाने झोपलेली. माझी पोरं दुसऱ्या गुरुजींकडे सोपवून मी तासाभरासाठी अंगणवाडीत जाऊन बसलो. बावीस पोरं होती. पहिला अर्धा तास काहीही झालं नाही. कुणी काडेपेट्यांचे डबे जोडत होतं, कुणी करवंटीत चिखल कालवत होतं, माझ्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. मग खिचडी आली. मी उभा राहिलो, टाळी वाजवली आणि फर्मावलं, "चला, खेळ बंद! हात धुवा!" काय सांगू तुम्हाला... एकाने भोकाड पसरलं, ते ऐकून दुसऱ्याने, आणि दोन मिनिटांत अख्खी खोली रडत होती. एकीने चिखलाचा गोळा माझ्या धोतरावर मारला असता, पण मी पँट घालतो, म्हणून पँटीवर बसला. खिचडी गार झाली. बाई एसटीतून उतरून आल्या तेव्हा मी दारात उभा राहून घाम पुसत होतो.

बाईंनी छत्री मिटली आणि खाली बसल्या. एकेका पोराजवळ जाऊन हळूच विचारू लागल्या, "तुझं अजून किती?" आणि पोरं रडता रडता हिशेब सांगू लागली. एक म्हणाला, "दोन बैल." एक म्हणाली, "नुसतं झाकण." बाई म्हणायच्या, "बरं, एक बैल आता कर, दुसरा उद्या." मग त्याने एक बैल केला. सगळं होईपर्यंत त्या थांबल्या. ज्याचं संपलं नव्हतं त्याने आपली वस्तू उचलून भिंतीच्या फळीवर ठेवली आणि तिच्यावर ओलं फडकं टाकलं. त्या फळीचं नाव उद्याची फळी. मग बाई म्हणाल्या, "आज नळावर कोन नेतंय?" एक कार्टा पुढे आला. "कसं जायचं रे?" "टरक!" "कुठला?" "कशेडीचा!" "भरलेला का रिकामा?" "भरलेला!" झालं... बावीस पोरं एकामागे एक, कंबर वाकवून, फर्स्ट गिअरमध्ये घुरघुरत, इंचाइंचाने कशेडीचा घाट चढत नळापर्यंत गेली. वळणावर हॉर्न दिले. नळाशी ब्रेक लावले. हात धुऊन जेवायला बसली तेव्हा एकाच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं. मी तोंड उघडं टाकून उभा होतो. बाई म्हणाल्या, "गुरुजी, चिखल लागलाय पँटीला."

दुसऱ्या दिवशी ट्रक नसायचा. नेणारं पोर बदलायचं आणि जाण्याची तऱ्हाही. कधी खेकडे, कधी लग्नाची वरात, कधी डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका. एका पोरीने एकदा सगळ्यांना धुक्यासारखं जायला लावलं. धुकं कसं जातं ते मला आजही करून दाखवता येणार नाही, पण त्या पोरांनी करून दाखवलं. बाईंचं म्हणणं एवढंच, की पोराच्या हातातलं हिसकावून घेतलं की त्याचं मन तिथेच राहतं आणि नुसतं अंग पुढे येतं. रंगवण्याच्या तयार चित्रांचा गठ्ठा वरून यायचा, तो उलटा करून त्या पोरांना पाठची कोरी बाजू द्यायच्या. एका पोराने नदी लाल रंगवली तेव्हा मी शहाणपणा करून म्हटलं, नदी निळी असते. "कुठली?" बाईंनी विचारलं. "सावित्री पावसात लालच असते, गुरुजी. त्यानं बघितलीय." मी महाडात जन्मलेला माणूस. पुराचं ते पाणी आमच्या ओटीवर येऊन गेलेलं... तरी माझ्या डोक्यातली नदी निळी होती. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली, आणि ते मी बोलूनही दाखवलं. बाईंनी मला चहा दिला.

आता ज्या पावसाळ्यासाठी हे सगळं सांगतो आहे त्याकडे येतो. त्या वर्षी वरच्या वाडीच्या डोंगराला भेगा दिसल्या आणि तिथली पाच घरं खाली आणून शाळेच्या रिकाम्या खोलीत ठेवली. त्यांत प्राची होती, चार वर्षांची. ती कुणाशी बोलायची नाही. अंगणवाडीत येऊन कोपरा धरायची. बाईंनी तिला बोलतं करायचा खटाटोप केला नाही, नुसता मातीचा गोळा तिच्याजवळ ठेवला. तीन-चार दिवसांनी तिने त्याला हात लावला आणि घर करायला घेतलं. वरचं, त्यांचं स्वतःचं घर. रोज थोडं. आज पायऱ्या, उद्या शेळ्यांचा गोठा, परवा पडवी. रोज बाई विचारायच्या, अजून किती गो, आणि ती सांगायची, "वळचण रायली." रोज घर फळीवर जायचं, रोज फडकं ओलं व्हायचं. एकदा मी दारातून डोकावलो तेव्हा ती पार्वतीला सांगत होती, "ह्यो पुरा झाला का आमी वर जानार." असं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते तिने तिचंच ठरवलेलं होतं.

पुढच्या सोमवारी तालुक्याहून मोठे अधिकारी पाहणीला येणार होते. मुख्याध्यापकाचा कारभार तेव्हा माझ्याकडे होता, आणि दोन्ही इमारतींच्या किल्ल्याही माझ्याकडेच असायच्या. रविवारी मी मुद्दाम महाडहून आलो. वाडीची माणसं पोराबाळांसकट लावणीला गेलेली, अंगणात कुणी नव्हतं. माझी शाळा झाडली, फलक लिहिला, आणि मग म्हटलं, बाईंचंही थोडं आवरून द्यावं. खरं सांगतो, मनात वाईट काही नव्हतं. फळीवर ती ओली फडकी, त्यांना कुबट वास, खाली चिखलाचे ओघळ. साहेबासमोर हे कसं दिसेल, एवढंच मनात आलं. मी फडकी काढली, सगळी माती टोपलीत भरली आणि शाळेमागच्या पऱ्याला, म्हणजे ओहोळाला, पाणी होतं त्यात ओतली. प्राचीचं घर हातात घेतलं तेव्हा क्षणभर थांबलो होतो. त्याला बारीक काड्यांची वळचण लावलेली होती, अर्ध्या बाजूला. थांबलो... आणि तेही ओतलं. फळी पुसून चकचकीत केली. त्यावर कागदी फुलांचा गुच्छ ठेवला. घरी जाताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

सोमवारी साहेब आलेच नाहीत. पोरं आली. बाकीच्यांनी थोडी रडारड केली आणि नवी माती घेतली. प्राची फळीखाली उभी राहिली. रडली नाही. बाई अजून यायच्या होत्या आणि पार्वती पाणी भरत होती, म्हणून तिने मला विचारलं, "माजा घर?" एवढी लहान पोर... वर मान करून माझ्याकडे बघत होती. मी पन्नाशीकडे झुकलेला, हजार पोरांना खरं बोला म्हणून शिकवलेला माणूस, आणि मी म्हणालो, "मांजराने पाडलं ग." ती थोडा वेळ फळीच्या कडेकडे बघत राहिली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. त्यानंतर महिनाभर तिने मातीला हात लावला नाही. पायात घुटमळणारं मांजर दिसलं की मात्र दगड उचलायची. त्या वाडीला पुन्हा वर जायला परवानगी मिळालीच नाही. पुढे खालीच त्यांना घरं मिळाली.

बाईंना सगळं पहिल्या तासात कळलं. किल्ली माझ्याकडे होती, आणि मांजर काही फळी पुसून कागदी फुलं ठेवत नाही. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो आणि मिटलं असतं. त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माती टाकलीत ते जाऊ दे. तिला खरं सांगा." मी म्हटलं, तुम्हीच सांगा ना. "मी सांगितलं तर ती तुम्हाला भिईल. दोन वर्षांनी तुमच्याच वर्गात यायची हाय ती. तुम्ही सांगा, जवळ बसवून." मी हो म्हणालो. आठ दिवसांनी त्यांनी विचारलं, सांगितलंत? नाही, म्हटलं, सांगतो. महिन्याने विचारलं. मग ती माझ्या वर्गात आली तेव्हा विचारलं. मी चिडलो. "बाई, चार वर्षांच्या पोरीला काय आठवतंय! कशाला उकरून काढायचं?" त्या वर्षी आम्ही दिवाळीपर्यंत बोललो नाही. मग एक दिवस बाईंनीच पार्वतीबरोबर चहा पाठवला आणि पुन्हा बोलणं सुरू झालं. पण वर्षातून एकदा तरी, पाऊस उघडताना, त्यांचा तो प्रश्न यायचा. मी विषय बदलायचो.

एवढं होऊनही त्या बाईने माझ्याशी माया तोडली नाही, हे मला आज जास्त लागतं. मी हळूहळू बदललो तो त्यांच्यामुळे. रुळाचा तुकडा तसाच राहिला, पण मी आधी वर्गात फिरून विचारू लागलो, कुणाचं किती राहिलंय. अंकगणितातून भाषेकडे जाताना माझी पोरं उठून एकदा अंगणात बगळे होऊन यायची. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा शेजारच्या खिडकीत बाई उभ्या होत्या. मला वाटलं हसतील. त्यांनी मान डोलावली, आणि मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं. निवृत्तीच्या दिवशी गावाने शाल दिली, भाषणं झाली, पण ती मान डोलावणं मला त्या शालीपेक्षा मोठं वाटतं. त्या दिवशीही मला गाठून त्यांनी विचारलं होतं. "आता तरी?" मी म्हणालो, बघू.

शेवटची भेट महाडच्या दवाखान्यात झाली. पोटाचं दुखणं फार पुढे गेलेलं, मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलेलं. हात काटकीसारखे झाले होते. मला बघून म्हणाल्या, "या गुरुजी, बसा. चहा घेतलात?" स्वतःला घोटभर पाणी जात नव्हतं आणि विचारणा माझ्या चहाची. मी तासभर बसलो. अंगणवाडीत नवी सेविका आली आहे, चांगली आहे, पोरांना घाई करत नाही, असं सांगत होत्या. मी आतून तयार होऊन बसलो होतो. आज त्या विचारणार, आणि या वेळी मी पुरा शब्द देणार, असं मी ठरवलं होतं. त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी डोळे मिटले, मी उठलो. दारापर्यंत जाऊन परत वळून पाहिलं... त्या झोपल्या होत्या. चौदा वर्षं ज्या प्रश्नाला मी टाळलं, तो न आल्यामुळे मी त्या दवाखान्याच्या जिन्यावर बसून राहिलो. त्यांनी माझ्यावरची आशा सोडली, असं मला वाटलं. आजही वाटतं.

बाराव्याला मी गेलो. बाईंच्या अंगणात मांडव घातला होता. दोनेकशे माणसं, त्यातली निम्मी त्यांच्या हातची पोरं, कुणी मिशा फुटलेली, कुणी कडेवर लेकरू घेतलेली. प्राची आईबरोबर भाकऱ्या वाढत होती. अठरा वर्षांची झाली आहे, महाडला फार्मसीचं शिकते. पंगत उठल्यावर मी तिला म्हटलं, "पोरी, जरा इकडे ये. तुझ्याशी बोलायचंय." मागच्या पडवीत आम्ही बसलो. शेवटी एका दमात सांगून टाकलं. तुझं मातीचं घर मांजराने पाडलं नव्हतं, मी टाकलं, आणि तुझ्याशी खोटं बोललो. बाईंनी मला कितीदा बजावलं, मी सांगितलं नाही.

ती ऐकत राहिली. मला वाटलं विचारेल, कसलं घर. तिने विचारलं, "मांजर नव्हतं?"

"नव्हतं."

पुढच्या अंगणात भांडी घासल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "गुरुजी, मी ते फळीच्या अगदी कडेला ठेवलं होतं. शनिवारी आईकडे पळायची घाई होती, आत सरकवलंच नाही. मला वाटायचं, मी नीट ठेवलं असतं तर मांजराला पाडता आलं नसतं. घर पुरं झालं असतं... आणि आम्ही वर गेलो असतो. मोठी झाल्यावर कळलं, तसं काही नसतं. कळलं, पण गेलं नाही. बाबा वरच्या घराचं नाव काढायचे ना, तेव्हा मी उठून जायची."

एका माणसाचा आळस आणि त्याची भीती मिळून एका मुलीच्या बालपणाचं काय करू शकतात, हे माझ्यासमोर बसलेलं होतं. मी हात जोडले. तिने ते घाईने खाली केले.

"बाई मला रोज म्हणायच्या," ती सांगू लागली. "पहिलीत गेले तरी, दुसरीत गेले तरी, रस्त्यात दिसल्या की जवळ घ्यायच्या आणि म्हणायच्या, तुझ्या हातनं काय चुकलं नाय गो. शेवटी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हाही तेच म्हणाल्या. मला वाटायचं, समजूत काढतायत माझी. लहान पोरांची काढतात तशी." तिचा आवाज फुटला. "त्या खरं सांगत होत्या, गुरुजी. आणि मी एकदाही मानलं नाही."

ती रडली, मीही रडलो. साठी उलटलेला माणूस, लोकांदेखत, लाज सोडून रडलो. पार्वती डोकावून बघून गेली. थोड्या वेळाने प्राचीने ओढणीने तोंड पुसलं, उभी राहिली आणि माझ्या दंडाला धरून मला उठवलं.

"चला," ती म्हणाली, "आता आईलाही सांगा. तिलाही वाटतं मांजरानेच पाडलं."

आणि मी तिच्या मागून निघालो.